पाठीवरचा खो

तेर,
२२ नोव्हेंबर २०२३

चि. महादेवीस शरणबसप्पाचे आशीर्वाद.

फोनवर तू बोलतेस ते मला ऐकू येत नाही आणि मी ओरडतो ते तुला सोसत नाही, म्हणून पत्र. जन्मभर शिट्ट्या फुंकून कान गेले, हात अजून शाबूत आहेत.

परवा शिवलीलाचं वर्षाचं झालं. गुडघ्यांमुळं तुला येता आलं नाही. जंगमस्वामी आले, पूजा झाली, गाव जेवून गेलं. पण तुझ्या बहिणीच्या नावानं मला काहीतरी टिकणारं करायचं होतं. पोरी घडवण्यापलीकडं मला दुसरं काही आलं नाही, म्हणून शिष्यवृत्ती सुरू केली. दरवर्षी माझ्या मैदानावरच्या एका पोरीला धाराशिवच्या वसतिगृहात ठेवायचं. तिचं कॉलेज, तिचा खेळ, सगळं माझ्या पेन्शनीतून. निवड मीच करणार, कमिटी-बिमिटीची भानगड नको.

मैदान म्हणजे आपल्या रानातला माळ. निवृत्तीनंतर शाळा म्हणाली, सर, आता विश्रांती घ्या. मी माळ सपाट करून घेतला, तिथंच, जिथं तिला समाधी दिलीय. संध्याकाळी पोरी येतात. शिवलीला कशी बांधावर मैदानाकडं पाठ करून शेंगा फोडत बसायची, आठवतं ना? जन्मभर खो-खोच्या मास्तरची बायको, पण एक डाव कधी डोळ्यांनी पाहिला नाही तिनं. मला त्याचा लई राग यायचा. आता येत नाही.

तर परवा. हल्लीच्या पोरी खो देतात ते कानात गुपित सांगितल्यासारखं. मी वैतागून समाधीमागं उभा होतो, हात दगडावर टेकलेला. तिथूनच ओरडून दाखवलं, "बेंबीच्या देठापासून द्यायचा. खो." पोरी हसल्या. डाव सुरू झाला आणि बसलेली निकिता, कुणी हात लावला नसताना, उठून पळाली.

मी फाउल दिला आणि झापलं. ती माझ्या कानाशी येऊन ओरडली, "सर, मला खो आला. बांगड्यासुदिक वाजल्या." मैदानावर मी कुणाला बांगड्या घालून येऊ देत नाही. पोरगी वळली. पांढऱ्या टी-शर्टवर, पाठीच्या मधोमध, मातीचा पंजा उमटला होता. करंगळी बाकीच्या बोटांपासून फाकलेली. लहानपणी दारात चेमटून वाकडी झालेली ती करंगळी तू ओळखतेस, मीही ओळखतो. आणि महादेवी, ज्याला एसटीचा हॉर्न ऐकू येत नाही त्या माणसानं तो खो ऐकला.

शिष्यवृत्ती निकिताला दिली. खरं तर हर्षाली तिच्याहून चपळ आहे. पण शिवलीलाला हीच पसंत असेल तर मी मध्ये पडणारा कोण? कुठं बोलू नकोस. तुझ्या नंदीशच्या शांभवीला दहावीनंतर इकडं धाड. पोरीच्या पायांत वारं आहे.

शरणबसप्पा


मुरूम,
६ डिसेंबर २०२३

ती. दाजींना महादेवीचं शरणु शरणार्थी.

पत्र वाचून आधी हसले, मग अंगावर काटा आला, मग तुमची काळजी वाटायला लागली. खरं सांगा, दोन वेळ जेवता का? रिकाम्या पोटी माळावर उभं राहिलं की माणसाला बांगड्याच काय, सनईसुद्धा ऐकू येते. मेल्यावरही अक्काला तुम्ही कामाला लावलंत म्हणायचं.

आमच्या इथल्या स्वामींना मी नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला समाधीत बसवून ठेवतात, हातात लिंग देऊन, म्हणजे ते ध्यानाला बसलेलं असतं. बसलेल्याला हाक मारू नये. तुम्हाला ओरडायला दुसरी जागा सापडली न्हाय का?

एक विचारते, कशाला ते विचारू नका. तो खो लांबवलेला होता की तोडलेला?

शांभवीला जूनमध्ये पाठवते. तिची आई गेल्यापासून पोरीचं सगळं माझ्याच गळ्यात आहे. नंदीश म्हणत होता, पोरीच्या जातीला पळून काय मिळणार? मी म्हटलं, बसून आम्हाला काय मिळालं ते सांग. गप बसला. पण तो माझा मुलगा आहे, तो गप बसला म्हणजे पटलं असं समजायचं न्हाय.

शेंगदाण्याची चटणी पाठवतेय. भाकरीबरोबर खा, नुसती चाटू नका.

महादेवी


तेर,
२७ नोव्हेंबर २०२४

चि. महादेवीस आशीर्वाद.

शांभवी मजेत आहे. सकाळी कॉलेज, संध्याकाळी मैदान. खांबावर सूर मारते तेव्हा बघणाऱ्याचा श्वास अडकतो. मी तिचं तोंडावर कौतुक करत नाही, तूही करू नकोस.

शिवलीलाचं दुसरं वर्ष झालं आणि यंदाही तेच झालं. या खेपेला हर्षाली उठली. तोच पंजा, त्याच बांगड्या. पण मागच्या साली मी एक गोष्ट तुला लिहिली नव्हती. मला वाटलं होतं तू मला सोलापूरच्या डॉक्टरकडं नेशील.

खेळाचा नियम तुला ठाऊक असेल. खो देणारीनं खो घेणारीच्या जागी बसायचं आणि घेणारीनं पळायचं. हर्षाली उठून पळाली, त्यानंतर तिच्या चौरसात कुठलीच पोर बसेना. बसायला गेली की चटका बसल्यासारखी उठायची. एक म्हणाली, "सर, तिथं कुणीतरी आहे. मी त्याच्या मांडीवर बसल्यागत झालं." शांभवीलाही तसंच वाटलं. मग हर्षाली वसतिगृहात गेली आणि दुसऱ्या दिवसापासून ती जागा मोकळी. निकिताच्या वेळी अगदी असंच झालं होतं.

निकिताचा चुलता मध्यंतरी भांडायला आला होता. तिची सुपारी फोडायची ठरली होती म्हणे, शिष्यवृत्तीपायी मोडली. मी म्हटलं, चांगलं झालं, चहा घेणार का? शिव्या देत गेला. त्यातली एकही मला ऐकू आली नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच होतं. खो तोडलेला असतो. टचकन. लांबवलेला मुळीच नाही.

शरणबसप्पा


मुरूम,
१० डिसेंबर २०२४

ती. दाजींना शरणु शरणार्थी.

तोडलेला हे वाचलं आणि चूल तशीच सोडून बाहेर येऊन बसले. आता सांगते. तुम्ही रागावा, रडा, काही करा.

अक्का खेळायची. मुरूमच्या मैदानावर तिला शिवेल अशी पोर नव्हती आणि तिच्या हातून सुटेल अशीही नव्हती. मी तिच्या पुढच्या चौरसात बसायची. तिचा खो असाच यायचा, टचकन तोडलेला, पंजा पाठीच्या मधोमध. करंगळी दारात नाही चेमटली. खांबावर सूर मारताना मोडली. दार ही आमच्या अव्वानं रचलेली गोष्ट.

जिल्ह्याच्या संघात तिचं नाव आलं, त्याच आठवड्यात तुमच्याकडून स्थळ आलं. अप्पांनी सगळ्यांना बजावलं, पोर चड्डी घालून मैदानात पळते हे पाहुण्यांच्या कानावर जाता कामा नये. आम्हा दोघींना लिंगावर हात ठेवून शपथ घातली. हळद लागली, अक्षता पडल्या, आणि मग कळलं की नवरा नुसता मास्तर न्हाय, खो-खोचा मास्तर आहे. अय्यो, तेव्हा आम्ही दोघी कोठीत जाऊन किती हसलो. नंतर ती एकटीच रडली.

मी तिला कितीदा म्हटलं, आता अप्पा गेले, शपथ गेली, सांगून टाक दाजींना. ती म्हणायची, "आता सांगून काय करू? आपल्याला खो आला न्हाय. नाही आला तर डाव संपेपर्यंत बसायचं असतं."

आणि दाजी, ती मैदानाकडं पाठ करून बसायची त्याचा तुम्ही राग केलात. खो-खोत बसलेली पोर मागं वळून बघते का कधी? ती कान मागं लावून बसते. अक्का तशी बसायची.

हर्षालीचीही सोयरीक ठरली होती का, तेवढी चौकशी करून कळवा.

महादेवी


तेर,
२ जानेवारी २०२५

चि. महादेवीस आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर चार दिवस मैदान बंद ठेवलं. पोरींना सांगितलं, सरांना ताप आहे.

मी रागावलो नाही. रडलो. शिवलीला जमिनीवरून उठताना कधी हात टेकायची नाही. उखळापासून उठो, चुलीपासून उठो, सरळ उभी. म्हातारपणीसुद्धा. मी पोरींना नेहमी सांगायचो, आमच्या घरात बघा, शेतात राबलेलं शरीर कसं उठतं. राबलेलं नव्हतं ते, महादेवी. तयार होतं. जगातल्या पोरी घडवल्या मी आणि माझ्याच घरात जी घडून आली होती तिच्या हातात शेंगांचं सूप दिलं.

हर्षालीची चौकशी केली. व्हय. मामाच्या मुलाशी ठरलं होतं, पोरीला परीक्षेनंतर सांगणार होते. आता ते वसतिगृहाच्या नावानं थांबलंय. म्हणजे शिवलीला चांगली खेळणारी निवडत नाही. जिला बसवायला निघालेत तिला उठवते. आणि मी आपला समजत होतो, तिला खेळातलं काही कळत नाही.

आणखी एक. काल मैदान नव्यानं आखायला फक्की मारत होतो. आठ चौरसांची रेघ ओढत गेलो, खांब ओलांडला, आणि रेघ सरळ समाधीला जाऊन लागली. दोरी लावताना मी हे कधी पाहिलंच नव्हतं. बसणाऱ्यांची तोंडं एकाआड एक, तुला माहीत आहे. आठवीचं मावळतीला. म्हणजे पुढच्या जागी बसणारीचं उगवतीला. तिला बसवलं तेव्हा तिचं तोंड आपण उगवतीलाच केलं होतं.

आणि त्या पहिल्या दिवशी मी मावळतीच्या बाजूनं, तिच्या पाठीवर हात टेकून, बेंबीच्या देठापासून खो ओरडलो होतो. जन्मभर वाट पाहिलेला खो तिला मिळाला, तोही नवऱ्याचा, आणि नवऱ्याला पत्ताच नाही. शिवाय खो देणाऱ्यानं त्या जागी बसायचं असतं. मी बसलो नाही. फाउल माझा आहे.

भीती वाटते का म्हणशील तर वाटते. संध्याकाळी पोरी गेल्या की मी समाधीकडं बघत नाही. पण शांभवीची काळजी नाही. तुझ्यासारखी आजी असल्यावर त्या पोरीला कोण बसवणार?

शरणबसप्पा


मुरूम,
४ ऑक्टोबर २०२५

ती. दाजींना शरणु शरणार्थी.

मधे बरेच महिने लिहिणं झालं नाही, राग धरू नका. पाऊस यंदा सगळ्यांनाच पुरून उरला. सोयाबीन पाण्यात उभं होतं, नंदीशचं डोकं ठिकाणावर नव्हतं. माझे गुडघे तर आता मुरूमच्या बाजारापर्यंतही नेत न्हायत.

शांभवीला दिवाळीला जरा लवकर पाठवा. घरात छोटासा कार्यक्रम आहे, चार पाहुणे येतील. कपडे सगळे द्या तिच्याबरोबर, थंडीचेही. पुस्तकंही द्या म्हणजे इथं वाचत बसेल. पोर मोठी झाली, जरा घरात राहू दे. नंदीश न्यायला येईल, तुम्ही एसटीनं धाडू नका.

तुम्हाला या म्हटलं असतं, पण तुम्हाला प्रवास झेपायचा न्हाय.

अनारसे पाठवते. या खेपेला जाळी छान पडलीय.

महादेवी


तेर,
१७ ऑक्टोबर २०२५

महादेवी,

कपडे सगळे आणि पुस्तकंही. दिवाळीला येणारी पोर पुस्तकं घेऊन येत नाही. मी बहिरा आहे, खुळा नाही.

नंदीश काल येऊन शांभवीला घेऊन गेला. पण परवा काय झालं ते तो सांगणार नाही, कारण त्यानं ते पाहिलं नाही. भर चारचं ऊन होतं. पोरी बसलेल्या, डाव अजून सुरूही नाही. मी शिट्टी तोंडाला लावतोय तोच शांभवी उठली. ती पळाली नाही. उभीच राहिली, माझ्याकडं बघत. मी बांगड्या ऐकल्या. तिनं विचारलं, "आज्जोबा, माझ्या घरी काय चाललंय?"

तिची सोयरीक ठरलीय का? मला खोटं लिहू नकोस.

इथं काय चाललंय तेही ऐक. शांभवी इथून गेली, पण ती पळाली नाही, तिला नेलं. त्यामुळं तिच्या जागी जी बसलीय ती उठलेली नाही. पोरी मैदानात पाय ठेवत नाहीत. चौरसातली माती खाली दबलीय, मांडी घालून बसलेल्या माणसाखाली दबते तशी. सकाळी मी फावड्यानं सारखी केली. दुपारी पुन्हा दबलेली. कुत्री त्या बाजूनं जात नाहीत. मी लांबून हाक मारून पाहिली, शिवलीला म्हणून. शेंगांचा वास आला, ओल्या मातीसकट उपटलेल्या.

जन्मभर तिला बसवून ठेवलं, आता मेल्यावरही ती बसून राहायची का? बसलेल्याला उठवायचा एकच मार्ग मला माहीत आहे. मी उद्या तिच्या पाठीमागं उभा राहून तिला खो देणार आहे. या खेपेला जाणूनबुजून, आणि तिच्या जागी बसणारही आहे. ती उठून कुणाकडं जाईल ते मी सांगू शकत नाही. तिला ज्याची पाठ दिसेल त्याच्याकडं.

तू दाराकडं पाठ करून बसत असशील तर सांभाळ.

शरणबसप्पा


मुरूम,
३ नोव्हेंबर २०२५
(शांभवीच्या हाती)

ती. दाजींना शरणु शरणार्थी.

तुमचं पत्र आलं तेव्हा घरात रंगकाम चाललं होतं. वाचलं आणि डाळीच्या डब्यात घालून ठेवलं. उत्तर दिलं न्हाय, कारण खोटं लिहू नकोस म्हणालात.

सोयरीक ठरली होती. नंदीशचं नाव पुढं करणार न्हाय, स्थळ मीच काढलं होतं. मुलगा बसवेश, आळंदचा, कापडाचं दुकान, घर चांगलं, मागणं काही न्हाय. आता फक्त कुंकू लावायचं, लग्न अठरा पूर्ण झाल्यावर. मला वाटलं, आई नसलेली पोर, माझे दिवस भरत आलेले, मी गेल्यावर हिला कोण बघणार? अक्काच्या वेळी अप्पांनाही असंच काहीतरी वाटलं असेल. तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या.

शांभवीची बॅग मीच उघडली. तो पांढरा टी-शर्ट वर होता. पंजा, आणि ती करंगळी. मी धुतला न्हाय. घडी घालून कपाटात खाली दाबून ठेवला. म्हटलं, पाहुणे येऊन जाऊ देत, मग बघू. एवढी मी निर्ढावले होते.

काल दुपारी पाहुणे आले. सोप्यात बैठक, मुलाची आजी गिरिजाबाई मधोमध. शांभवीला साडी नेसवून आत बसवलं होतं. मी स्वयंपाकघरात खाली बसून विड्याची पानं पुसत होते. दाराकडं पाठ. तुमचं वाक्य आठवलं आणि उठून दुसरीकडं बसावं असं मनात आलं. तेवढ्यात शेंगांचा वास आला.

दाजी, मी तिच्या पुढच्या चौरसात बसलेली पोर आहे. ती मागून येतेय हे मला आवाजाआधी कळायचं. काल तसंच कळलं. पाठीच्या मधोमध पंजा पडला. हिरव्या बांगड्या वाजल्या, मी स्वतः तिच्या हातात भरून तिला बसवायला नेलं होतं त्याच. आणि कानाशी तोच खो. पन्नास वर्षं झाली असतील तो ऐकून. मी भ्याले, पण पाय थांबले न्हायत. हात न टेकता उठले. हे गुडघे घेऊन.

कुंकवाचं ताट उचललं आणि सोप्यात जाऊन सगळ्यांसमोर देवळीत ठेवून दिलं. म्हटलं, "पाहुणं, तुमचं घर चांगलं, मुलगा चांगला, चूक माझी. आमची पोरगी अजून पळणार आहे, ती बसायची न्हाय." नंदीश उठला, अव्वा, गप बस म्हणाला. मी म्हटलं, आत्ताच तर उठले, लगेच काय बसवतोस?

गिरिजाबाई माझ्याकडं बघत न्हवत्या. माझ्या मागं, स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होत्या. त्यांनी पदर सावरला आणि मुलाच्या बापाला म्हणाल्या, "चला, इथून आपल्याला जायचंय." आत कोण बसलंय असं मला दारात हळूच विचारलं. मी म्हटलं, माझी मोठी बहीण.

नंदीश माझ्याशी बोलत न्हाय. बोलेल. बापाचं काळीज आहे, वाळवंट न्हाय. शांभवीला आज मीच स्टँडवर आणलंय, रिक्षातून, एसटी येईपर्यंत हे पत्र पुरं करतेय. टी-शर्ट तिच्याकडं दिलाय. शिष्यवृत्ती तिची आहे, दाजी. आता मागं घेऊ नका.

पानं पुसत होते त्या जागी आता मला बसता येत न्हाय. बसायला गेले की मांडीवर बसल्यागत होतं. मी पाट दुसरीकडं घेतलाय. आज सकाळी चहा केला तेव्हा एक कप तिथं ठेवला. बसू दे तिला, बहिणीचंच घर आहे.

महादेवी


तेर,
५ डिसेंबर २०२५

चि. महादेवीस अनेक आशीर्वाद.

शांभवी काल धाराशिवला वसतिगृहात गेली. जाण्याआधी सगळ्या पोरींना बोलावून तिनं एक डाव खेळायला लावला. मैदान पुन्हा भरलं. तिला राज्याच्या निवड चाचणीचं बोलावणं आलंय. मी या खेपेला तिचं तोंडावर कौतुक केलं. ती रडली, मग मीही.

तुझ्या स्वयंपाकघरातली जागा आता मोकळी झाली असेल. बसून पाहा आणि कळव. मला वाटतं झालीच असेल, कारण काल संध्याकाळी पोरी गेल्यावर रिकाम्या मैदानावर कुणीतरी पळत होतं. या खांबाला वळसा, त्या खांबाला वळसा. मला काही दिसलं नाही, फक्त फक्की उडत होती आणि बांगड्या वाजत होत्या. कुणाला पकडायचं नव्हतं, कुणापासून सुटायचं नव्हतं. मनसोक्त पळाली. मी उभा राहून पाहत होतो. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मी तिचा खेळ पाहिला.

आता माझं. त्या दिवशी मी ठरवल्याप्रमाणं खो दिला आणि तिच्या जागी बसलो. तेव्हापासून रोज बसतो. संध्याकाळ झाली की बांधावर, तिच्या नेहमीच्या जागेवर, मैदानाकडं पाठ करून. शेंगा फोडतो. इथं बसून काय काय ऐकू येतं ते कळायला मला सत्तरी ओलांडावी लागली.

माझी वेळ आली की मला तिच्याच रांगेत, तिच्या पुढच्या जागी बसवायला नंदीशला सांग. तोंड मावळतीला करायचं. स्वामी म्हणतील, असं कुणी करत नाही. त्यांना म्हणावं, शेजारी बसणाऱ्यांची तोंडं एकाच बाजूला असली तर तो डाव होत नाही. आणि पोरींना त्या दिवशी सुट्टी देऊ नका.

शिष्यवृत्ती पुढं निकिता बघेल. निवड कशी करायची ते तिला सांगितलंय. ती म्हणाली, सर, ते मला ठाऊकच आहे.

हे पत्र बांधावर बसूनच लिहितोय. आत्ता पाठीमागं बांगड्या वाजल्या. अजून लांब आहेत, त्या खांबापाशी. मी वळून पाहिलेलं नाही. बसलेल्यानं वळून पाहायचं नसतं.

शरणबसप्पा